पिकअपसाठी सिंथेटिक ऑइल: कॅनची मागची बाजू आधी वाचा

निफाड तालुक्यातल्या एका भाजीपाला वाहतूकदारांनी विचारलंय. घरात दोन पिकअप आहेत. एक २०२१ ची बीएस-६, दीड टनी, डॅशबोर्डवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा असलेली. दुसरी वडिलांनी घेतलेली २०१२ ची बीएस-३. नवी गाडी सीझनमध्ये पिंपळगाव बसवंतहून वाशीला जाते, अधूनमधून सापुताऱ्यावरून सुरतेला. जुनी शेत ते मार्केट एवढंच करते. नव्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी३ दर्जाचं ऑइल लिहिलंय. एक दुकानदार सांगतो, लोडच्या गाडीला १५डब्ल्यू-४०च टाका, पातळ ऑइलनं बेअरिंग जातील. दुसरा सांगतो, फुल सिंथेटिक टाका आणि २०,००० किलोमीटर निर्धास्त राहा. आणि शेवटचा प्रश्न असा की चांगल्या सिंथेटिकची एकच बादली आणून दोन्ही गाड्यांत वापरली तर चालेल का.

भाऊ, उत्तर आधी देतो, कारणं नंतर. नव्या गाडीला पुस्तकात लिहिलंय तेच, म्हणजे ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, सिंथेटिक. जुन्या गाडीला १५डब्ल्यू-४०, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीआय-४ प्लस, साधं मिनरल. एक बादली दोघींना नको. आणि २०,००० किलोमीटरचा विचार तुमच्या वापरात डोक्यातून काढून टाका.

आता कारणं. ‘सिंथेटिक’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण सगळे पैसे त्या शब्दाचे घेतले जातात. इंजिन ऑइलचा मोठा भाग बेस ऑइल असतो, उरलेलं अॅडिटिव्ह. एपीआयनं बेस ऑइलचे पाच गट केलेत. पहिला आणि दुसरा गट म्हणजे आपण ज्याला मिनरल म्हणतो ते. तिसरा गटही क्रूडपासूनच निघतो, पण त्याच्यावर हायड्रोजनची जड प्रक्रिया करून रेणूंची रचनाच बदललेली असते. त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापमान बदललं तरी घट्टपणा किती टिकतो याचा आकडा, १२० किंवा त्याहून जास्त असावा लागतो. चौथा गट पीएओ, म्हणजे कारखान्यात बांधून तयार केलेलं तेल. बाकीचं सगळं, एस्टरसकट, पाचव्यात. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की तिसऱ्या गटाच्या तेलाला सिंथेटिक म्हणणं बरोबर नाही. जाहिरातींचे वाद ऐकणाऱ्या नॅशनल अॅडव्हर्टायझिंग डिव्हिजननं निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं दिला. तेव्हापासून बाजारात सिंथेटिक म्हणून मिळणारं बरंचसं ऑइल तिसऱ्या गटाचं असतं. त्यात फसवणूक नाही. आजचं तिसऱ्या गटाचं तेल उत्तम असतं. पण ‘सिंथेटिक’, ‘फुल सिंथेटिक’, ‘सेमी’, ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ हे शब्द कॅनच्या पुढच्या बाजूला छापायचे शब्द आहेत. आत नेमकं किती टक्के काय आहे हे त्यावरून तुम्हालाही कळत नाही आणि मलाही नाही. कळतं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेल्या दर्जावरून. माझ्याकडे गाडी आणणाऱ्या प्रत्येकाला मी कॅन उलटा करायला लावतो.

मागे तीन गोष्टी बघायच्या: ग्रेड, दर्जा आणि त्या दर्जाच्या पोटातली राखेची मर्यादा. तुमच्या बीएस-६ गाडीसाठी तिसरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असे धातू अॅडिटिव्हच्या रूपानं घातलेले असतात. आम्ल मारायला, पिस्टन स्वच्छ ठेवायला, झीज थांबवायला ते लागतात. इंजिन चालताना थोडं ऑइल रिंगांवरून वर जाऊन जळतंच, नवीन इंजिनातही. तेल जळतं, पण धातू जळत नाही, त्याची राख होते आणि ती सायलेन्सरच्या वाटेनं डीपीएफमध्ये जाऊन बसते. डीपीएफमध्ये काजळीही साठते, पण ती वेगळी. रीजन, म्हणजे फिल्टर तापवून साठलेली काजळी जाळायची प्रक्रिया, सुरू झालं की फिल्टरचं तापमान ५५० ते ६०० अंशांवर जातं आणि काजळी जळून जाते. राख त्या तापमानालाही जळत नाही. ती तिथेच राहते, प्रत्येक लिटरमागे थोडी थोडी वाढते आणि एक दिवस फिल्टर रीजन करूनही मोकळा होत नाही. मग गाडी ओढ सोडते, दिवा वारंवार लागतो आणि शेवटी फिल्टर काढून साफ करणं किंवा बदलणं एवढंच उरतं. तो खर्च ऐकून लोकांचा चेहरा पडतो. ऑइलवर वाचवलेले पैसे त्याच्यापुढे काहीच नसतात.

म्हणून आकडे बघा. एसीईए सी३ दर्जाच्या ऑइलमध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एपीआय सीजे-४ आणि त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या सीके-४ मध्ये ती मर्यादा १ टक्का आहे. एसीईए ए३/बी४ हेही चांगलं, महाग, फुल सिंथेटिक ऑइल असतं, पण त्यात राख १ ते १.६ टक्के. सीआय-४ ला तर राखेची मर्यादाच नाही, कारण तो दर्जा २००२ चा आहे आणि तेव्हा पिकअपला डीपीएफ नव्हता. म्हणजे नव्या गाडीत ए३/बी४ दर्जाचं ‘फुल सिंथेटिक’ टाकलंत तर इंजिन खूश राहील आणि फिल्टर मरेल. सिंथेटिक असूनही ते तुमच्या गाडीसाठी चुकीचं ऑइल आहे. काउंटरवर ही गोष्ट फार क्वचित सांगितली जाते, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

राख कमी केली म्हणजे आम्ल मारायची ताकदही कमी झाली, मग इंजिन खराब होणार नाही का, असं काही जुने मिस्त्री विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि एके काळी बरोबरही होता. डिझेलमधल्या गंधकामुळे आम्ल तयार होतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती, बीएस-४ मध्ये ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर १० वर आली. गंधकच उरलं नाही तर आम्ल मारायला तेवढा चुना लागत नाही. लो-अॅश ऑइल आपल्याकडे आता बिनधास्त चालतं ते यामुळे.

आता तुमचा खरा घोळ: पातळ की जाड. १५डब्ल्यू-४० मधला ‘४०’ म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइलची व्हिस्कॉसिटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान. ‘३०’ म्हणजे ९.३ ते १२.५. एवढंच बघितलं तर दुकानदाराचं म्हणणं पटतं. पण बेअरिंगमध्ये ऑइल १०० अंशांवर निवांत बसलेलं नसतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या बारीक फटीत ते प्रचंड वेगानं रगडलं जातं आणि त्या ठिकाणी तापमान १५० अंशांपर्यंत चढतं. तिथे ऑइलचा थर किती टिकतो हे मोजायला वेगळी चाचणी आहे, तिला एचटीएचएस म्हणतात. लोडच्या गाडीसाठी मी हाच आकडा बघतो.

आणि इथे ५डब्ल्यू-३० मध्येच दोन जाती आहेत. एसीईए सी२ चं ५डब्ल्यू-३० असेल तर एचटीएचएस किमान २.९. सी३ चं ५डब्ल्यू-३० असेल तर किमान ३.५. ग्रेड तोच, कॅन तसाच, भाव जवळपास तोच, पण बेअरिंगमधला थर वेगळा. १५डब्ल्यू-४० ला हा आकडा किमान ३.७ लागतो. म्हणजे सी३ दर्जाचं ५डब्ल्यू-३० आणि तुमच्या दुकानदाराचं १५डब्ल्यू-४० यांच्यात, जिथे खरी गरज आहे तिथे, फरक अगदी थोडा. सी२ टाकलंत तर मात्र फरक मोठा. ‘५डब्ल्यू-३० टाकलं आणि गाडी वाजायला लागली’ अशा तक्रारी घेऊन जे येतात, त्यांचा कॅन मागवून बघा. बऱ्याचदा पेट्रोल कारसाठीचं, इंधन वाचवायला मुद्दाम हलकं केलेलं ऑइल निघतं. पुस्तकात सी३ लिहिलंय ना, मग सी३ च. सी२, सी५ हे आकडे जवळचे दिसतात म्हणून चालवून घेऊ नका. अक्षर सारखं असलं तरी काम सारखं नाही.

पहिला आकडा, ‘५डब्ल्यू’ की ‘१५डब्ल्यू’, हा थंडीचा. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको, लाट आली की पाच अंशांच्याही खाली. तरीही १५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० अंशांवर होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० वर. त्यामुळे ‘थंडीत गाडी चालू होणार नाही’ हे कारण निफाडलाही लागू नाही. फायदा आहे तो वेगळा. पहाटे चार वाजता माल भरायला निघताना ५डब्ल्यू ऑइल टर्बोपर्यंत आणि हेडपर्यंत लवकर पोचतं. रोज एकदा थंड चालू होऊन रात्रभर पळणाऱ्या गाडीला त्याचा थोडाच उपयोग. दिवसातून आठ-दहा वेळा बंद-चालू होणाऱ्या गाडीला जास्त.

वीस हजारांची गोष्ट. सिंथेटिक ऑइल उष्णतेनं लवकर घट्ट होत नाही, त्याचं ऑक्सिडेशन हळू होतं, उडून कमी जातं. सी३ ची एक अट आहे की २५० अंशांवर एक तास तापवल्यावर १३ टक्क्यांपेक्षा जास्त ऑइल उडता कामा नये. हे सगळं खरं. पण डिझेल पिकअपचं ऑइल ऑक्सिडेशननं आधी मरत नाही. ते मरतं काजळीनं, डिझेल मिसळल्यानं आणि धुळीनं. या तिन्ही गोष्टींना तुमचं बेस ऑइल मिनरल आहे की पीएओ याच्याशी देणंघेणं नाही.

तुमचा वापरच बघा. बरेच जण कसारा घाटाचं नाव घेऊन महाग ऑइल विकतात. पण तुम्ही भरलेली गाडी घेऊन कसारा उतरता, चढता तेव्हा मागे रिकामे क्रेट असतात. ऑइलच्या दृष्टीनं तो घाट तुम्हाला फार जड नाही. सापुताऱ्याची वाट वेगळी, तिथे भरल्या गाडीनं चढायचंय. आणि देवगड-रत्नागिरीचा आंबा घेऊन एप्रिल-मे मध्ये भर उकाड्यात घाट चढून पुणे-कोल्हापूर गाठणाऱ्या पिकअप असतात, त्यांच्या ऑइलचं काम सगळ्यात अवघड. तुमच्या ऑइलची खरी वाट लागते ती भिवंडी-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि मार्केटच्या गेटवर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभं राहण्यात. मीटर तेवढंच राहतं, ऑइलचं आयुष्य संपत राहतं. मी एक तास आयडलिंग म्हणजे साधारण ४० किलोमीटर धरतो. एका फेरीत तीन तास उभे राहिलात तर मीटरवर न दिसणारे एकशे वीस किलोमीटर झाले. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो, त्यात लोड, धूळ, जास्त आयडलिंग लिहिलेलं असतं आणि बदलाचं अंतर बरंच कमी दिलेलं असतं. तुम्ही त्याच तक्त्यात बसता. पुस्तकातला आकडा ही कमाल मर्यादा समजा. सिंथेटिक टाकलं म्हणून ती ओलांडायची नाही.

डिझेल मिसळण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बीएस-६ गाड्यांत हा दुखणाईत भाग आहे. डीपीएफ गरम करायला काही इंजिनं सिलिंडरमध्येच उशिरा जास्तीचं डिझेल फवारतात. त्यातलं थोडं बोअरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. रीजन पूर्ण झालं, गाडी नंतर तापून पळाली, तर त्यातलं काही उडून जातं. पण अर्ध्यात गाडी बंद केली की पुढच्या वेळी पुन्हा नव्यानं सुरुवात, पुन्हा डिझेल. मागे एक चालक आला, समाधानानं सांगत होता की गाडी ऑइल अजिबात खात नाही, उलट गेजच्या पट्टीवर लेव्हल वर गेलीय. पट्टी काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. दोन बोटांत चोळलं, पाण्यासारखं सरकलं, नाकाजवळ नेलं तर सरळ डिझेलचा वास. गाडी गावातल्या गावात फिरत होती आणि दर वेळी रीजन अर्ध्यात तुटत होतं. तसंच चालवलं असतं तर बेअरिंग गेलीच असती. त्याहून वाईट म्हणजे लेव्हल फार वाढली की ऑइल ब्रीदरमधून इनटेकमध्ये ओढलं जातं आणि इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. म्हणून लेव्हल कमी झाली की जेवढी काळजी करता, तेवढीच ती वाढली तरी करा. पहाटे, गाडी सपाट जागी, इंजिन चालू करायच्या आधी पट्टी बघायची. रोज बघितलीत तर अर्धा मिनिट लागतो. आणि रीजनचा दिवा लागलेला असताना मार्केटच्या गेटवर चावी फिरवू नका. दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून ते पूर्ण होऊ द्या.

ऑइलचा रंग बघून ते संपलं असं ठरवू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल पहिल्या काही तासांतच काळं पडतं. काळं पडणं म्हणजे ते काजळी उचलून स्वतःत धरून ठेवतंय, आणि तेच त्याचं काम आहे. ते काम अजून जमतंय का, हे घरीच बघायचा एक साधा उपाय आहे. जाड टिपकागद किंवा प्रयोगशाळेतला फिल्टर पेपर घ्या, वाटीच्या तोंडावर ठेवा म्हणजे खालून कशाला टेकणार नाही. गाडी तापून आल्यावर पट्टीच्या टोकानं एक थेंब मध्ये सोडा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी मधून कडेपर्यंत काळा-करडा रंग हळूहळू फिका होत पसरलेला दिसला तर ऑइल अजून काजळी धरून आहे. मध्ये डांबरासारखा काळा ठिपका, त्याला कडक कड आणि बाहेर जवळजवळ काहीच पसरलेलं नाही, तर काजळी एकत्र गोळा व्हायला लागली. ऑइल लगेच बदला. सगळ्यात बाहेर रुंद, पिवळसर, पारदर्शक कडं दिसलं तर डिझेलचा संशय घ्या. प्रयोगशाळेतल्या तपासणीची जागा हा थेंब घेत नाही, पण पाच हजार, सात हजार, नऊ हजारला एकेक थेंब काढून त्यावर तारीख-किलोमीटर लिहून ठेवलंत तर तुमच्या गाडीचं ऑइल तुमच्या वापरात कुठे दमतं हे तुम्हाला दिसेल.

पुढे दोनाच्या चार गाड्या झाल्या तर मात्र नमुना प्रयोगशाळेत द्याच. मोठ्या ऑइल कंपन्या ताफ्याच्या गिऱ्हाइकांना ही सोय देतात. अहवालात लोखंड आणि सिलिकॉन दोन्ही वाढलेलं दिसलं तर धूळ आत जातेय, एअर फिल्टर आणि त्याचे पाइप तपासा. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं आणि कितीही महाग ऑइल त्याला वाचवू शकत नाही.

मग सिंथेटिकला जास्तीचे पैसे कशाला, असं वाटेल. नव्या गाडीत ते द्यायचेच. एक तर सी३ ५डब्ल्यू-३० हा दर्जा साध्या मिनरल बेस ऑइलमधून गाठता येत नाही, त्यामुळे तिथे निवड अशी उरतच नाही. दुसरं कारण टर्बो. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि एका बाजूला तापलेला धूर असतो. चढ चढून आल्यावर ढाब्यावर गाडी उभी करून लगेच चावी फिरवली की ऑइलचा पुरवठा थांबतो, पण उष्णता थांबत नाही, आणि आत अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतं. सिंथेटिक हे जास्त सोसतं. सोसतं म्हणून सवय सोडू नका, लोडमध्ये चढ चढून थांबलात की मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा.

पैशाचा हिशेब करून बघा. समजा चेंबर सात लिटरचं आहे आणि सिंथेटिक लिटरमागे अडीचशे रुपयांनी महाग पडतं. एका बदलाला १,७५० रुपये जास्त. दहा हजार किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला साडेसतरा पैसे, वाशीच्या जाऊन-येऊन ४०० किलोमीटरच्या फेरीला सत्तर रुपये. तुमच्या गाडीचे खरे आकडे घालून हे गणित पुन्हा करा. गाडीचे हप्ते चालू असताना सीझनच्या मध्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर काय होतं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

वडिलांच्या गाडीला हे गणित लागू होत नाही. तिला डीपीएफ नाही, फेऱ्या छोट्या, इंजिन जुन्या पद्धतीचं. पुस्तकात सीएच-४ किंवा सीआय-४, १५डब्ल्यू-४० असं काहीसं असेल. सीआय-४ प्लस मिनरल टाका, अंतर थोडं कमी ठेवा, प्रत्येक वेळी फिल्टर बदला. या गाडीत सी३ सिंथेटिक टाकलं तर इंजिनाला काही होणार नाही, फक्त पैसे जातील. उलट दिशेनं मात्र जाऊ नका: जुन्या गाडीची उरलेली दोन लिटर सीआय-४ नव्या गाडीत ओतून लेव्हल भरायची नाही. बाजारात सीके-४ दर्जाची १५डब्ल्यू-४० बादली मिळते, ती जुन्या गाडीला उत्तम चालते. एकच बादली ठेवायचा आग्रहच असेल तर नव्या गाडीचं पुस्तक सीके-४ ला परवानगी देतं का ते आधी बघा. नसेल देत तर वॉरंटी असेपर्यंत तो विचारही नको. तुमच्या ओळखीत कुणाकडे जपानी पिकअप असेल तर तिच्या पुस्तकात जासो डीएल-१ किंवा डीएच-२ असं दिसू शकतं. डीपीएफवाल्या गाड्यांसाठीचे तेही लो-अॅश दर्जेच, पण सी३ शी अदलाबदल करायचे नाहीत.

जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं की सील गळतात, ही भीती पूर्ण खोटी नाही. पूर्वीच्या काही सिंथेटिक तेलांनी रबर आकसायचं. आता फॉर्म्युल्यात ते सांभाळलेलं असतं. आज गळती दिसते ती बहुतेक वेळा आधीच कडक झालेल्या सीलवर साचलेला चिकटा स्वच्छ ऑइलनं धुऊन निघाल्यामुळे. सील आधीच गेलेलं असतं, चिकट्यानं ते झाकलं होतं इतकंच. तरी जुन्या गाडीला ती परीक्षा द्यायची गरज नाही.

मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना इंजिन धुऊन घ्या असं कुणी म्हणेल. चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन फिरवायची पद्धत अजून काही गॅरेजांत आहे. कळकळीनं सांगतो, हे करू देऊ नका. त्या पाच मिनिटांत बेअरिंगवर थरच नसतो, आणि आत राहिलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. गाडी तापलेली असताना ऑइल सोडा, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा, चेंबर नटाचं वायसर नवीन टाका, फिल्टर बदला, बस्स. ऑइलमध्ये टाकायच्या बाटल्या, ‘ट्रीटमेंट’, ‘रिस्टोर’ वगैरे, त्याही नकोत. सी३ ची राख ०.८ च्या आत ठेवायला कंपनीनं जे तोलून घातलंय, ते वरून ओतलेल्या बाटलीनं बिघडतं.

राहिली खरेदी. चुकीच्या दर्जापेक्षा मला बनावट ऑइलची जास्त धास्ती वाटते, कारण त्यात लेबलवर सगळं बरोबरच लिहिलेलं असतं. अधिकृत वितरकाकडून घ्या, पक्कं बिल घ्या, बिलावर ग्रेड आणि दर्जा लिहून घ्या. झाकणाचं सील आणि कॅनवरचा बॅच नंबर बघा, क्यूआर किंवा स्क्रॅच कोड असेल तर दुकानातच तपासा. नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर सोडून द्या. कॅन तुमच्या समोर उघडला जावा. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी खिळ्यानं भोकं पाडा आणि लेबल फाडा, नाहीतर तोच कॅन भरून पुन्हा कुणाच्या तरी गाडीत जातो. लेबल वाचताना ‘अप्रूव्हड’ आणि ‘मीट्स’ यातला फरकही बघा: पहिलं म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीनं तपासून मान्यता दिलेली, दुसरं म्हणजे ऑइल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं. एपीआयचा परवाना असेल तर कॅनवर मध्ये भोक असलेलं गोल चिन्ह असतं, वरच्या अर्ध्यात दर्जा आणि मध्ये ग्रेड.

काढलेलं जुनं ऑइल नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायलाही नको, त्यात जड धातू असतात आणि ते पावसात विहिरीपर्यंत जातात. कॅनमध्ये भरून ठेवा, नोंदणीकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

या वेळी नव्या गाडीत ऑइल बदलाल तेव्हा बॉनेटच्या आतून एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, ‘५डब्ल्यू-३० सी३’, आणि खाली ‘टॉप-अपलाही हेच’. एक लिटरचा त्याच ऑइलचा कॅन सीटमागे कायम असू द्या. रात्री अडीच वाजता शहापूरजवळ ऑइलचा दिवा लागला तर गाडी आधी बाजूला घेऊन बंद करायची, मग पट्टी बघायची. लेव्हल कमी असेल तर त्या कॅनमधून भरायची. लेव्हल बरोबर असूनही दिवा जात नसेल तर गाडी एक किलोमीटरही पुढे न्यायची नाही. माल दुसऱ्या गाडीत चढवा आणि टोइंग बोलवा.